कुर्लीचं भोक

सोसायटीत उरलेली एक वही,
हिरव्या पाठीची, आवक-जावक छापलेली.
आवकेत मी लिहिते:
सकाळी पोई एक, तोणाकाची वाटी.
दुपारी उकड्या तांदळाचा भात, मूठभर.
बांगड्याचं हुमण. तळलेला तुकडा अर्धा
(उल्हासच्या ताटातला. तरी धरला).

जावकेचा रकाना कोराच.
चालणं तिथे लिही, असं लुर्दीन म्हणाली होती.
मला ते जमलं नाही.

पहिले अकरा महिने या वहीला धार होती.
काटा उतरायचा.
बाजारात माग्दालेन पाटीवरून मान वर करून विचारायची,
“बाय, दुयेंत आशिल्ली?”
आणि तिची ती काळजी मी
दागिन्यासारखी घालून मडकईला परत यायची.
शिंप्याने ब्लाउज तीनदा आत घेतले.
चौथ्यांदा म्हणाला, आता नवीनच शिवा.

त्यालाही दोन वर्षं झाली.
सोमवारी एकसष्ट.
पुढच्या सोमवारी एकसष्ट पूर्णांक दोन.
मग परत एकसष्ट.
माग्दालेन आता फक्त सुंगटांचा भाव सांगते.
वाढलं नाही त्या वजनाबद्दल
कोण कुणाला काय विचारणार?

चवथीला वही कपाटावर गेली.
माटोळीखाली बसून हिशेब कसला मांडायचा,
असं मनाला समजावलं.
नेवऱ्या झाल्या, पातोळ्या झाल्या, खतखतं दोनदा.
पाचव्या दिवशी गणपती गेले.
वही आली नाही खाली.
उभ्याने खाल्लेलं मोजायचं नसतं,
डब्याचं झाकण लावताना तोंडात टाकलेलं मोजायचं नसतं,
कंटाळून खाल्लेलं तर मुळीच नाही.
ठराव मीच मांडले,
अनुमोदनही मीच दिलं.

एकोणीस दिवस.

रविवारी बांधावर गेले, उगाच.
झिलू गावडे मानशीपाशी बसून
फळ्यांवरची कालवं खरवडत होता.
भरती लागली होती. खारं पाणी
फळ्यांना टेकून उभं होतं,
त्याला काही घाई नव्हती.
विचारलं, बांध बरा आहे ना यंदा?
“बरो आसा,” तो म्हणाला,
“म्हणून तर रोज यावं लागतं.”

मग उठला, दहा पावलं गेला, वाकला,
आणि बांधाच्या कुशीतलं एक भोक दाखवलं,
माझ्या करंगळीएवढं.
“कुर्ली.”
चिखलाचा गोळा केला, भोकात कोंबला, टाचेने दाबला.
चार पावलांवर पुन्हा वाकला.
मी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते,
निदान कंटाळा.
तो विडी शोधत होता.

बांधाच्या अलीकडे खाजनात कोरगुट उभं,
लोंब्या भरत आलेल्या.
पलीकडे पाणी किती चढलंय,
त्या भाताला पत्ताच नव्हता.

घरी येऊन स्टूल ओढलं.
वहीवरची पालीची लेंडी झटकली.
काटा म्हणाला, बासष्ट पूर्णांक नऊ.
लिहिलं.
हात थोडा जड झाला, पण लिहिलं.
एकोणीस कोऱ्या दिवसांवर तिरकी रेघ मारली,
ऑडिटर मारतात तशी.
कारण लिहिलं नाही.

मग त्याखाली:
चार वाजता. नेवरी, डब्यातली शेवटची.
सारण खवट. उभ्याने.

एवढंच लिहून बराच वेळ बसून राहिले.
फार काही वाटलं नाही, खरं सांगायचं तर.
बोटाला फक्त निळी शाई लागली होती,
आणि नखात कुठून तरी आलेला
बांधाचा चिखल.

दिवेलागणीला पोदेराचा पोंपों वाजला.
दोन पोया घेतल्या.
एक उल्हासची.
एक लिहिली.